योसेफाची तरफदारी

आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर. शेलूबाजारजवळच्या त्या खेड्यात ख्रिस्ती घर आमचं एकच, त्यामुळे प्रचारक हेच आणि घंटा वाजवणारेही हेच. नाताळाआधीच्या महिन्यात दर रविवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर वाचन असायचं. हे शास्त्र वाचायचे, मी पेटी वाजवून गाणी म्हणायचे. शेजारपाजारच्या बायका कापूस वेचून आल्या की गाण्यांसाठी आणि गुळाच्या चहासाठी यायच्या. ओढा चहाकडेच जास्त होता, पण यांना ते सांगून उपयोग नव्हता.

त्या वर्षी मला नववा लागला होता. पहिलंच बाळंतपण आणि माहेर अकोल्याला. सातव्यात हे म्हणाले, शाळेची तपासणी होऊ दे. मग म्हणाले, नाताळ होऊ दे, पेटी कोण वाजवणार? मला आईकडे जायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. इकडे पोटामुळे पेटी दर रविवारी पुढे सरकत होती. भात्यापर्यंत हात पुरेना, तरी यांचं आपलं, सूर छान लागतोय.

एका रविवारी यांनी वाचलं की बादशहानं शिरगणतीचा हुकूम काढला, म्हणून योसेफ गरोदर मरीयेला घेऊन आपल्या गावी निघाला. पुढे बसलेल्या शेजारच्या बुढीनं हात वर केला. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिनं केलेली.

"थांब मास्तर. पहिलटकरीन ना ते?"

"हो."

"मंग त्याच्या गावाले कायले नेली? तिले माय नाई?"

"शिरगणती होती, आजी."

"आमच्या इथी त शिरगणतीवाला घरी आला होता."

"यानं एकट्यानं जाऊन दोघाईची नावं सांगतली असती," मागून कुणी तरी म्हणालं.

योसेफ नीतिमान होता, असं हे सांगू लागले. नीतिमान असंन, पन बाईच्या जातीचं त्याले काय कळते, असं बुढीचं मत पडलं. गव्हाणीचा उल्लेख आला तेव्हा तर कहर झाला. ओल्या बाळंतिणीला गोठ्यात ठेवली म्हणून एकीनं पदर डोळ्याला लावला, दुसरीनं चहाच खाली ठेवला. हे घाम पुसत योसेफाची तरफदारी करत होते आणि मी पेटीआड मान खाली घालून बसले होते. मला मनातून फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

"अहो, पण बादशहाचा हुकूम होता!" हे शेवटी ओरडले.

बुढीनं माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे.

"त्याले हुकूम होता. तुले कोनाचा हाय?"

यांनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं बोचकं यांनीच बांधलं आणि मोटार यायच्या कितीतरी आधी आम्ही रस्त्यावर येऊन उभे होतो.

मुलगी नाताळाच्या आदल्या दिवशी झाली. नाताळ आटोपून हे अकोल्याला आले. पेटीवाचून गाणी चार दिशांना गेली म्हणाले. वाचन मात्र पार पडलं. पूर्वेच्या ज्ञानी लोकांनी सोनं, ऊद आणि गंधरस आणला, या ओळीवर आल्यावर गंधरस म्हणजे काय, असं बुढीनं विचारलं. कडू डिंक असतो, त्याला बोळही म्हणतात, हे यांनी सांगितलं. तेव्हा ओसरीवर पहिल्यांदा समाधान पसरलं. बुढी म्हणाली, "हे शायने. उशिरा आले, पन बाळंतिणीसाठी हिराबोळ घेऊन आले."

गंधरस ही मरणाची खूण, असं हे दर वर्षी घसा फोडून सांगत आलेले. आता त्यांनी खिशातून बुढीनं दिलेली हिराबोळाची पुडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "उगाळून घ्यायचा म्हणाली," एवढंच बोलले. मला रडू आलं.

तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली. जावयाला तिनं अजून पाणीही विचारलं नव्हतं.

"सव्वा महिना होईपर्यंत माझी लेक इथून हलणार नाही."

हे चटकन उठून उभे राहिले.

"हुकूम," म्हणाले.