डोक्यावरचा आकडा

नाथाजी साळुंखे बोल्ट हाती घेतला की आधी त्याचे डोके वाचतात. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये सतरा वर्षे काढलेल्या या पाटणच्या माणसाची ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. जवानाचा हुद्दा बाहीवर, बोल्टाचा डोक्यावर, असे ते म्हणतात. आणि तिथला आकडा न वाचता पाना उचलणाऱ्याला ते कारागीर मानत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात गेली अकरा वर्षे गाळपयंत्राच्या जोडण्या त्यांच्याकडे आहेत. हंगाम संपला की सगळे खोलायचे आणि दिवाळीपर्यंत पुन्हा बांधायचे, हा तिथला शिरस्ता.

गेल्या हंगामाच्या मोळीपूजनादिवशी, सकाळी आठच्या फेरीत, ते एका कपलिंगपाशी थांबले. मोटारीची सारी ताकद याच जोडणीतून ऊस पिळणाऱ्या रोलरकडे जाते. अकरा वाजता अध्यक्षांच्या हस्ते पहिली मोळी गव्हाणीत पडायची होती. कपलिंगचे बारा बोल्ट आरशासारखे चमकत होते.

“काल मीच बदलल्यात,” ज्ञानू फिटर छाती काढून म्हणाला. “जुनं काळंकुट्ट दिसत हुतं. पावणं येणार, फोटू निघणार. स्टेनलेस हाय गड्या, कवा गंजायचं न्हाई!”

नाथाजींनी एका डोक्यावरून अंगठा फिरवला. “सत्तर. आन् आपलं?”

“दहा पॉइंट नऊ.”

“मग सत्तर लय मोठं वाटलं व्हय रं तुला?”

दोन्ही आकडे ताकदीचेच, पण त्यांची मोजपट्टी वेगळी. स्टेनलेसचा सत्तर नेहमीच्या पोलादी बोल्टाच्या मापात जेमतेम सात भरतो. गंजाशी लढायला तो उत्तम; उसाने भरलेला रोलर ओढताना मात्र दहाच्या जागी सात उभा करणे म्हणजे जोडणी तुटण्याची वाट पाहणे.

एवढ्यात सुमंत आला. सांगलीचा हा तरुण अभियंता त्या वर्षी प्रथमच गाळप विभागाचा प्रमुख झाला होता. त्याच्या हातात तयारीचा तक्ता होता, त्यावर नाथाजींची सही हवी होती.

“नाथाजीराव, काल तासभर फिरवून पाहिलं. जराही आवाज नाही.”

“रिकामी तर सायकलबी फिरती, सायेब. ऊस पडू द्या, मग बोलू.” नाथाजींनी पेन परत केले. “सही न्हाई करत. उशीर झाला तर अध्यक्षांस्नी माझं नाव सांगा.”

सुमंतने घड्याळ पाहिले, मग कपलिंग. “नाव माझं सांगेन. खोला.”

योग्य बोल्टांचा नवा जादा संच नाथाजींनी उन्हाळ्यातच निवडून तेलकट कागदात गुंडाळून ठेवला होता. नट घट्ट बसल्यावर दोन आटे बाहेर राहावेत, इतक्या लांबीचा. चकचकीत बोल्ट उतरताच वॉशरखाली ताजा लाल रंग दिसला. मोळीच्या निमित्ताने रंगाऱ्यांनी कपलिंगही सजवले होते. नाथाजींनी तो खरवडून लोखंड उघडे केले. दाबाखाली रंग सरकतो, आणि त्यामागोमाग बोल्टाचा ताणही जातो.

वेळ वाचवायला ज्ञानूने पान्याला लांब पाइप जोडला.

“ठेव त्यो! तुझं बळ बोल्टाला कळत न्हाई. त्येला माप कळतं.”

ठरलेल्या जोराला टक् असा आवाज करणारा टॉर्क पाना त्यांनी स्वतः घेतला. एक बोल्ट, मग त्याच्या समोरचा. पहिल्या फेरीत थोडा ताण, दुसरीत अधिक, तिसरीत पूर्ण. शेवटी प्रत्येक नटावरून कपलिंगपर्यंत एकेक पांढरी रेघ; नट जरा फिरला तरी ती तुटलेली दिसते. सही झाली तेव्हा अकराला दहा मिनिटे होती.

मोळी वेळेवर पडली. पाहुणे जेवायला बसले असतानाच उसाचा गच्च लोंढा रोलरमध्ये अडकला. सगळा सांगाडा हादरला आणि यंत्र थांबले. सुमंत टॉर्च घेऊन कपलिंगपाशी उकिडवा बसला आणि एकेक नट पाहत गेला. बाराही रेघा सरळ होत्या. लोंढा काढल्यावर अर्ध्या तासात गाळप पुन्हा सुरू झाले.

ते चकचकीत बोल्ट आज प्रवेशद्वारावरच्या नामफलकात आहेत. ज्ञानूनेच बसवले.

“पावसात ऱ्हात्यात, गंजत न्हाईत,” तो म्हणतो, “आन् फोटूबी हितंच निघतोय की.”