टाकीला दुसरा हात द्यायचा राहिला

१. सोमवारी सकाळी पाण्याच्या टाकीला आतून इपॉक्सी रंगाचा पहिला हात देऊन झाला.
२. दुपारी दादा बाहेर लिंबाखाली जेवायला बसला आणि तिथेच आडवा झाला.
३. दवाखान्यात पोचायच्या आधी गेला. हार्ट अटॅक.
४. संध्याकाळी साताऱ्यात अंत्यविधी झाला.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. रंगकामाची कंत्राटं घ्यायचा. मी पेंट टेक्नॉलॉजी शिकले, त्याच्या साईटवर थराची जाडी तपासते.

अजून रडू आलेलं नाही.

टाकी म्हसवडजवळच्या एका गावाची. चाळीसच्या दशकातली, झिरपणारी. गाव सध्या टँकरवर आहे.

हा रंग घट्ट असतो. रोलर दाबला की मोसंबीच्या सालीसारखे खड्डे पडतात, त्यांत गाळ बसतो.

चुलतभाऊ संतोष नेहमी दाबायचा.

"संत्या, चपात्या लाटतोयस व्हय रं? रोलरचं वजन पुरं हाय. शेवटी वरनं खाली हलकं वढ आन् सोड."

"एवढा एक डाग राहिलाय, दादा."

"राहू दे. सुकाय लागलेल्यावर परत फिरवलास, तर ती मोसंबी तूच सोलायची."

मग माझ्याकडे वळून, "मॅडम, जाडी?"

"बरोबर आहे."

"ऐका गड्यांनो, पास केलं. घरात मला कवा पास केलं न्हाई हिनं."

पहिल्या हातावर दुसरा मुदतीतच द्यावा लागतो. ती मुदत रविवारी संपते.

नंतर पहिला थर इतका कडक होतो की दुसरा त्याला धरत नाही. मग दादाने दिलेला सगळा हात घासावा लागेल. गावाचं पाणीही लांबेल.

या कामावरचे रंगारी सगळे घरचेच, म्हणजे सगळ्यांना सुतक. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत सुतकातली माणसं उतरलेली गावाला चालणार नाहीत. आमच्या काकांनाही नाही.

मी वाद घातला नाही.

काल वहिनी पहिल्यांदा बोलल्या.

"वन्सं, ह्यांचा हात घासून काढू देऊ नका. दुसरं कुणीतरी बघा."

म्हणून ही पोस्ट.

सांगली, इस्लामपूरकडे दादाबरोबर रोलर चालवलेले बरेच जण इथे आहात. तिघं हवेत, शनिवारी सकाळी. रंग आणि रोलर साईटवर आहेत. मी बाहेर थांबून मिश्रणाचं प्रमाण सांगेन. आत येणार नाही.

दादा, नीट जा.

येणार असाल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथेच कळवा.