बायकोला मी दिलेली पदवी

प्रश्न माझ्या बायकोला विचारला होता आणि उत्तर मी दिलं. ते अनवधानाने तोंडून निघून गेलं, असं म्हणायची सोय मला नाही. सकाळीच मी ओसरीवरची तिची मोठी पातेली आणि कढया मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या होत्या. घर जरा नीट दिसावं म्हणून, असं तिला सांगितलं होतं.

मुलीला पाहायला वणीहून पाहुणे आले होते. मुलगा इंजिनिअर, वडील कोळसा खाणीच्या कार्यालयात, आई शाळेत शिक्षिका. पोहे झाले, मुलीच्या एम.एस्सी.बद्दल बोलणं झालं. मग मुलाच्या आईने आपुलकीने माझ्या बायकोला विचारलं की ताई, तुमचं शिक्षण किती? बायकोने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "बी.ए. आहे ती. लग्नानंतर घरातच रमली."

माझी बायको नववी नापास आहे. आणि घरात रमायला तिला कित्येक वर्षांत सवड मिळालेली नाही.

मी बी.कॉम. सूतगिरणीत हिशेबनीस होतो. गिरणी बंद पडली तेव्हा मुलगी प्राथमिक शाळेत होती. मी प्रमाणपत्रांची फाईल घेऊन यवतमाळपर्यंत फिरलो. माझ्या शिक्षणाला शोभेल अशीच नोकरी मला हवी होती आणि तशी कुठे मिळत नव्हती. त्याच उन्हाळ्यात गल्लीत एका बारशाला आचारी आलाच नाही. बायकोने पदर खोचला, शेजारच्या बाया गोळा केल्या आणि सगळी पंगत जेवू घातली. तिथे जेवलेल्या एकाने आपल्याकडच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, काम तिला दिलं. आज आमच्या दारव्ह्यात आणि भोवतालच्या गावांत लग्न असो की तेरवी, तिला विचारल्याशिवाय लोक तारीख पक्की करत नाहीत. तिच्या हाताखाली पंधरा-वीस बाया असतात. मी तिचे फोन घेतो, किराणा आणतो आणि गाडी ठरवतो.

तिच्या हाताला चव आहे, हे सगळेच सांगतात. मला तिचं माणसं सांभाळणं जास्त मोठं वाटतं. एका लग्नात वरात फारच उशिरा आली आणि वरपक्षाचे एक मामा पुऱ्या गार आहेत म्हणून ताटावरून उठले. मुलीचा बाप हात जोडायला धावला. बायको त्याच्या आधी पोचली आणि म्हणाली, "मामाजी, नाचले तुमी, अन् थंड झाल्या माह्या पुऱ्या. बसा, गरम येऊन राह्यल्या. पण आता पुन्हा नाचाले उठू नका." सगळ्यात आधी मामाच हसले. तिच्या जागी मी असतो तर माफी मागत बसलो असतो, किंवा भांडलो असतो.

आपलं शाळेवाचून अडलं नाही, असं मात्र तिने कधी म्हटलं नाही. एकदा वणीकडच्या एका मोठ्या कॅन्टीनचं काम तिच्याकडे चालून आलं होतं. तिथे शिक्षणाचा दाखला मागितला आणि ते काम गेलं. त्या दिवशी घरी येऊन तिने मुलीला जवळ बसवलं आणि जितकं शिकता येईल तितकं शिक, म्हणून सांगितलं. मुलीचं अमरावतीचं सगळं शिक्षण तिनेच केलं. शाळेची किंमत आमच्या घरात सगळ्यात जास्त तिलाच कळलेली आहे. आणि मी तिला एका वाक्यात पदवीधर करून टाकलं.

मुलाच्या आईने पुढे विचारलं की कोणतं कॉलेज. बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "यायलेच विचारा." तेव्हाही मला थांबता आलं असतं. मी यवतमाळच्या एका कॉलेजचं नाव घेतलं. मुलगी खाली मान घालून बसली होती.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. रविवारी घर बघायला या, असं सांगून ते गेले. बायको मागच्या शेडमध्ये दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी डाळ भिजवत होती. मी जाऊन हळूच म्हणालो की चुकलं, पण पोरीच्या भल्यासाठी बोललो.

तिने हात पुसले. "शिकली नाही याचं दुःख मले हाय. लाज नाही. लाज तुमाले हाय." मग थोडं थांबून म्हणाली, "अन् मले एकटीले कायले सांगून राह्यले? ज्यायच्यापुढं बोलले, त्यायच्यापुढं सांगा. खोटं सांगून मी पोरगी देणार नाही."

मी मुलीकडे गेलो. ती तरी माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मला तो आवडलाय. म्हणून तर सांगा."

त्या आठवड्यात मी स्वतःला खरं कारण विचारलं. बायकोपेक्षा माझ्याकडे जास्त असलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे पदवी. ती पदवी कशालाच पुरली नाही, हे त्या शिक्षिकेला कळू नये म्हणून मी बोललो होतो. बायकोला मोठं करायचं माझ्या मनातही नव्हतं. मला स्वतःला झाकायचं होतं.

रविवारी वणीला त्यांच्या बैठकीत चहा आला. पुरुषांचं बोलणं कोळशाच्या धुळीवर आणि चंद्रपूरच्या रस्त्यावर चाललं होतं. मी दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा रस्त्याबद्दलच काहीतरी बोललो. बायको काही सुचवत नव्हती, खुणावत नव्हती. मुलाचे वडील पंचांग आणायला उठले. ते उघडलं की लग्न ठरल्यासारखंच झालं असतं आणि बायको नाही म्हणाली असती, हे मला माहीत होतं. मी त्यांना बसायला सांगितलं.

"त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो," मी म्हणालो. "ही बी.ए. नाही. नववी नापास आहे. गिरणी बंद पडल्यापासून आमचं घर हिच्या स्वयंपाकाच्या कामावर चालतं. मुलगी त्यातूनच शिकली. पदवी माझ्याकडे आहे आणि मी हिच्या हाताखाली काम करतो. हे सांगायची मला लाज वाटली. तुमची दोघांची मी माफी मागतो."

कोणी काही बोलायच्या आत मी बायकोकडे वळलो. घरी जसं बोलतो तसंच तोंडून आलं.

"तुह्या मेहनतीवर जगलो अन् चारचौघांत तेच लपवलं. चुकलं माहं. माफ कर मले."