संघटनेचा ग्रुप आणि हळदीकुंकवाचं आवतण

मुकादमाविरुद्ध काय करायचं ते ठरवायला आम्ही बायकांनी फोनवर ग्रुप काढला, आणि त्या ग्रुपमध्ये मी मुकादमालाच घेतलं. तेव्हा मी साठीची होते आणि नुकताच हातात टचचा फोन आला होता. त्या कोवळ्या वयात बाईला वाटतंच, की आपल्याला सगळं कळतं.

आम्ही शेळगावच्या बायका बारामतीच्या बाजूला एका डाळिंबाच्या शेडमध्ये कामाला जायचो. डाळिंब पुसायचं, लहानमोठं निवडायचं, खोक्यात भरायचं. मुकादमाची गाडी सकाळी गावातून आणि वाटेतल्या वस्त्यांवरून बायका गोळा करत जायची. अशीच एक गाडी पळसदेवहून यायची, एक कन्हेरीहून. कामावर घेतल्याचा कागद नसायचा आणि काढल्याचाही नसायचा. गाडी तुमच्यापाशी थांबली म्हणजे काम आहे, नाही थांबली म्हणजे गेलं.

पाटाच्या मोरीपाशी राहणाऱ्या एका सुनेचं काम असंच गेलं. शेडमागच्या संडासाला दार नव्हतं, नुसतं गोणपाट टांगलेलं. एक आत गेली की दुसरीने बाहेर गोणपाट धरून उभं राहायचं. वारा असला की दोघींनी. त्या पोरीने गोणपाटाचा फोटो काढून स्टेटसला लावला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या शेडचं दार’. मुकादमाचा नंबर तिच्या फोनमध्ये होताच, त्यामुळे त्याला तो दिसला. दुसऱ्या दिवशी गाडी मोरीवरून सरळ पुढे गेली. पोरीचा नवरा पाठीच्या दुखण्याने घरी बसलेला, घर तिच्याच हजेरीवर चाललेलं.

बारामतीला कामगार संघटनेचं काम करणारी एक ताई होती. ती आमच्याकडे आली. मी म्हणाले, “ताई, मोर्चा काढू. घोषणा मी देते.” ती म्हणाली, “मावशी, घोषणा राहू द्या. आधी ग्रुप काढा. एक निरोप एकदम सगळ्यांना गेला पाहिजे.”

नंबर गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात हळदीकुंकवाचं आवतण मीच फिरवायची. आवतणाचा नियम एकच, घर वगळायचं नाही. एक घर राहिलं तर ते घर पुढच्या संक्रांतीपर्यंत तोंड फिरवतं. मुकादमाची बायको आमच्याच रांगेत डाळिंब निवडायला बसायची. मग तिला कसं वगळणार? तिच्या घरी गेले, ओट्यावर चार्जिंगला लावलेल्या फोनचा नंबर घेतला, वर चहा पिऊन आले. फोन कुणाचा हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आवतण घराला असतं, तसा फोनही घराचाच असणार, असं मी धरून चालले होते.

मग मी ग्रुपवर बोलून निरोप टाकला. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तशा आवाजात सांगितलं, की सोमवारी गाडीत कुणी बसायचं नाही, मोरीवरच्या पोरीला घेतल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

सोमवारी आम्ही डबे घेऊन रस्त्याला उभ्या. गाडी यायच्या आधी आमच्यातले पाच-सहा फोन एकदम वाजले. मुकादमाच्या बायकोच्या नंबरवरून आलं होतं, ‘मिटलं. तिला घेतलं. सगळ्या गाडीत बसा.’ मी चष्मा लावून ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“बघा! म्हणलं न्हवतं? ह्याला म्हणत्यात फोनची ताकद!”

आणि सगळ्यांत आधी मीच चढले. ते पण पुढे, ड्रायव्हरशेजारी, पुढाऱ्यासारखी.

मोरीवर ती पोर डबा घेऊन उभी होती. तिने हात केला. गाडीचा वेग कमी झाला नाही. काचेतून तिचं तोंड आलं आणि मागे गेलं. तिने मला पुढे बसलेली बघितलं, हे मला कळलं.

“थांबव की रं गाडी!” मी ड्रायव्हरला ओरडले. मुकादम माझ्या दुसऱ्या बाजूला बसला होता. तो हसत म्हणाला, “मावशी, तुमचा निरोप लई खणखणीत असतो बघा. आमच्या घरात पार गोठ्यापर्यंत ऐकू आला.”

संध्याकाळी मी ताईला फोन करून सांगितलं, की मला संघटनेतून काढा, मला हळदीकुंकवालाच ठेवा. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, “मावशी, ह्यातले किती फोन खरंच बायकांच्या हातात असतात?”

 ते बघायला मी पुन्हा घरोघर फिरले. आधी गेले मोरीवर. ती पोर भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, “पुढं बसायला बरं वाटलं का मावशी?” मी म्हणाले, “बरं वाटलं ग, मोरी येईपर्यंत.” तिने एक तांब्या विसळला आणि मग मला बसायला पोतं टाकलं.

बाकीच्या घरांत मी एकच विचारत गेले, फोन असतो कुणाच्या हातात? एकीचा नवऱ्याच्या खिशात. एकीचा दिवसभर पोराकडे, गेम खेळायला. एकीचा तिचाच होता, पण निरोप आला की सासू म्हणायची, मोठ्यानं लाव, मला बी ऐकू दे. ज्यांच्या हातात स्वतःचा फोन, तेवढ्यांचाच नवा ग्रुप झाला. बाकीच्यांना तोंडी सांगायचं काम शेजारणींनी वाटून घेतलं. ताईने पळसदेवच्या आणि कन्हेरीच्या बायकांनाही जोडलं, कारण एका गावाने हट्ट धरला तर मुकादम बाकीच्या दोन गावांवर शेड चालवणार हे उघड होतं. व्हिडिओवर सगळ्यांची मिळून बैठक झाली. मला नीट ऐकू यावं म्हणून मी फोन कानाला लावला होता. पळसदेवची एक म्हणाली, “मावशी, कान बघून झाला तुमचा. आता तोंड दावा की!”

त्या बैठकीत मोरीवरच्या पोरीनेच सांगितलं, की लिहिलेला निरोप मानायचा नाही. लिहिलेलं कुणीही पाठवतं. आवाज आला तरच खरं. आणि ‘घेतलं’ म्हणणारा आवाजही तिचा स्वतःचाच पाहिजे.

मी माझ्यापुरती एक युक्ती काढली. निरोप बोलताना आधी गुडघ्याचं दुखणं सांगायचं, मग लोणच्याला बुरशी का आली ते, आणि पार शेवटी कामाची गोष्ट. कुणाचा नवरा ऐकायला बसलाच, तर तो गुडघ्यातच उठून जायचा.

या खेपेला मी एक घर वगळलं. त्या ओट्यासमोरून जाताना मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून आवतण मोडलं होतं.

माल भरायचा दिवस बघून आम्ही रस्त्याला बसलो, उभ्यासुद्धा राहिलो नाही. गाडी आली.

“चला, बसा पटापटा,” मुकादम म्हणाला.

“आज गुडघा धरलाय,” मी म्हणाले.

“माझा बी,” शेजारची म्हणाली. मग तिच्या पलीकडची. विशीतल्या पोरींचेही गुडघे धरले.

तो हसला आणि त्याने पळसदेवच्या ड्रायव्हरला फोन लावला. मग कन्हेरीच्या. दोन्हीकडच्या बायका बसून होत्या. दुसऱ्या फोनला तो हसत नव्हता.

“बरं, घेतो तिला मोरीवर. चला आता.”

“आधी घ्या,” मी म्हणाले. “गाडी मोकळी न्या, तिला बसवा, मागारी या. आमी हितंच हाय.”

 त्याच्या हातातल्या फोनवर शेडच्या मालकाचा फोन येत होता. शेवटी गाडी मोकळी गेली.  एकीने तंबाखू मळली आणि खायची विसरली. मग ग्रुपमधल्यांचे फोन वाजले. आधी गाडीचा खडखडाट, मग तिचा आवाज, “बसले बघा मावशी. पुढं बसलीय, ड्रायव्हरजवळ. तुमच्या जागंवर.”

मग आम्ही दारही मागितलं, आणि आठवड्याभरात संडासाला पत्र्याचं दार लागलं. उघडताना किंचाळतं, पण आतून कडी आहे. पुढे गाडी मोरीवर रोज थांबू लागली. संघटनेचा ग्रुपही राहिला. त्यात हजेरीच्या तक्रारी येतात, सुट्टीची मागणी येते, आणि गुडघ्याचं काय झालं म्हणून कन्हेरीहून चौकशीही येते.

दार लागलं त्या दिवशी दुपारी मी कडी काढून बाहेर आले, तर समोर मुकादमाची बायको उभी. पहिला ग्रुप मोडल्यापासून आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नव्हतो. मी बाजूला झाले. ती आत जाता जाता थांबली, दारावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “मावशी, तो मेसेज मी न्हवता टाकला, मला लिवता कुठं येतंय. पुढच्या बारीला फोनवर नगा सांगू, घरी येऊन सांगा. गोणपाट मी बी धरलंय.”