गोड्या विहिरीची आळी

वैशाख वद्य नवमी, १९३२. दुपारची झाकपाक उरकून मी आणि माझ्या थोरल्या नणंद घर बघायला निघालो. अलिबागच्या बाजारामागच्या दोन खोल्यांत आता निभाव लागत नव्हता. शेजारी पुरुषांची खानावळ, समोर उघडं गटार, आणि मुली मोठ्या होत होत्या. ह्यांची नोकरी कचेरीत. म्हणजे नवी जागा रोज पायी जाता येईल इतकी जवळच हवी.

घर वैशाखातच बघावं. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्याच विहिरी गोड्या असतात. मी पदराला तुरीची डाळ बांधून घेतली होती. जिथे चूल पेटलेली दिसेल तिथे त्या घरच्या पाण्यात मूठभर शिजत लावायची. खाऱ्या पाण्यात ती शिजत नाही, मालक काहीही सांगो.

वरसोलीच्या आळीत डाळ लोण्यासारखी शिजली. शाळा हाकेच्या अंतरावर, अंगणात सुपारीची सावली, शेजारणी सगळ्या लेकुरवाळ्या. मी मनातल्या मनात सामान लावूनही टाकलं. मालकिणीने मला गूळपाणी दिलं. वन्संना विचारलंसुद्धा नाही.

"या कोण?"

"माझ्या नणंद. आमच्याकडेच असतात."

वन्संच्या विधवेच्या लाल आलवणाकडे एकदा पाहून ती माझ्याशीच बोलत राहिली. "माझी लेक पहिलटकरीण आहे, बाळंतपणाला आली आहे. सकाळी उठून हे दर्शन नको. त्यांनी मागच्या दाराने ये-जा करावी, आणि आळीतल्या सवाष्णींचं पाणी भरून झालं की मग विहिरीवर यावं. बाकी तुम्ही खुशाल या."

वन्सं उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. म्हणाल्या, "मेल्यावर तरी पुढच्या दाराने नेऊ द्याल ना?"

"ते तेव्हा बघू," मालकीण म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

तिथून चेंढऱ्याला गेलो. ते घर एका शनवारतेल्याचं, म्हणजे शनिवार पाळणाऱ्या यहुदी तेल्याचं होतं. एका बाजूला घाणा, दुसऱ्या बाजूच्या खोल्या भाड्याने. तेलीण हात पुसत बाहेर आली. "पानी मचूळ हाय बाय, आदीच सांगते." डाळ खड्यासारखी राहिली. शाळा तर परत अलिबागेतच, शेतांच्या बांधांवरून. मी विहिरीचं विचारलं, कुणी कधी पाणी भरायचं.

"विहिरीला काय डोलं हायत? कवाबी भरा. शनवारी मातुर घाना बंद असतो, तवा पोरांना दंगा करू देऊ नका."

संध्याकाळी हे जेवायला बसल्यावर मी दोन्ही जागा सांगितल्या. ह्यांनी भाताचा घास घेतला आणि म्हणाले, "वरसोली. अक्काला बोर्लीला पाठवू."

बोर्ली पंचतन हे वन्संचं सासर. तिथे दीर त्यांना गोठ्यात झोपवत आणि जनावरांचं आटोपल्याशिवाय जेवू देत नसत. एका पावसाळ्याच्या तोंडावर, शेवटच्या बोटीने, तापाने फणफणलेल्या असताना त्या इथे पोहोचल्या होत्या. हे ह्यांना ठाऊक होतं. वाढायला वन्संच उभ्या होत्या.

"आणखी भात वाढू?" त्यांनी भावाला विचारलं.

"वाढ," हे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "एका बोडकीपायी माझ्या पोरांनी खारं पाणी प्यायचं? आणि तेही तेल्याच्या घरात?"

"मी दिवसभर शिवणयंत्रावर असते. चूल कोण पेटवणार, धुणं कोण धुणार? तुम्ही?"

"म्हणजे माझ्या बहिणीची कड घेत नाहीयेस तर."

"नाही. मला घरात दोन हात हवेत."

ह्यांनी ताट सरकवलं. "मग पोरं खंगली तर मला सांगायला येऊ नकोस."

मागे वन्सं भांडी घासायला बसल्या. त्या एकभुक्त, तेव्हा रात्रीचं जेवण नव्हतंच. पातेलं पालथं घालून म्हणाल्या, "वहिनी, हे हात चालेनासे झाले की पावसाळ्याच्या आत सांगा. नंतर बोटी बंद असतात."

मी त्यांना तसं होणार नाही असं म्हटलं नाही. पुढचं कुणाला माहीत असतं? त्यांनीही वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेंढऱ्याला जाऊन जागा पक्की केली. येताना शाळेत डोकावले आणि मास्तरांना सांगितलं, मुलांची नावं काढू नका. बांधावरून चालत येतील, पावसातसुद्धा.