थोरल्या दिरांचं गाऱ्हाणं

आमचे सासरे लढाईला गेले होते. बर्फात त्यांच्या पायाची बोटं गेली. माझा नवरा फौजेतून एका कानाने बहिरा होऊन आला. थोरले दीर मात्र कधी कुठे गेले नाहीत, त्यांचा मुलगा दुबईत नोकरीला. त्यांची समुद्रावर खाणावळ आहे. गल्ल्यामागे त्यांनी सासऱ्यांचा वर्दीतला फोटो लावलाय. पर्यटकांना ते सांगतात, बाबांच्या पायाला गोळी लागली. बोटं थंडीने गेली म्हटलं तर सुरमईची थाळी कमी खपेल बहुतेक. पंधरा ऑगस्टला सासऱ्यांची पदकं स्वतःच्या कोटाला लावून शाळेत भाषण करतात.

यंदा माझा मुलगा बारावी झाला. त्याला बांद्याच्या गॅरेजात काम शिकायचं होतं. मलाही तेच हवं होतं. घरातले दोन फौजी मी धुतलेत, पुसलेत, तिसरा नको. पण दिरांसमोर माझा आवाज निघत नाही.

चतुर्थीला सगळे जमलो. गाऱ्हाणं घालायला दीरच उभे राहिले. आमच्यात गाऱ्हाणं घालणारा मागणं मागतो आणि बाकीचे पुरतं न ऐकताच हो म्हणतात. मग नारळ फुटला की ते देवाला दिलेलं वचन.

"बा देवा म्हाराजा, ह्या घराची तिसरी पिढी पण फौजेत जांवदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझा नवराही म्हणाला. त्याला ऐकू काय आलं देव जाणे.

मी पदर तोंडात धरून उभी. दीर नारळ उचलून फोडणार, तोच खुर्चीवरून सासरे त्याच सुरात बोलले, "तशीच, दुबयत बसलेलो ह्येचो झील पयलो भरती होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे परत म्हणाले, दीरसुद्धा. सवय.

मग जाऊबाई पुढे आल्या. "अवो, तो नारळ हडे द्या आधी."

"गो, देवासमोर काय ह्या?"

"देवाक सांगा, माझो झील नोकरी सोडून येवचो नाय. द्या म्हणतंय ना."

एवढ्या मोठ्या देशभक्ताने मुकाट्याने नारळ दिला. जाऊबाईंनी तो तसाच स्वयंपाकघरात नेला.

"आता दुसऱ्या नारळावर नीट गाऱ्हाणा घाल," सासरे दिरांना म्हणाले. "पोरांका बरी बुद्धी दी म्हण. आणि फौजेचा नाव काढू नको."

दिरांनी तसं म्हटलं. या वेळी मीही "व्हय म्हाराजा" म्हणाले, बऱ्यापैकी मोठ्याने. सोमवारी मुलगा बांद्याला गेला.