आक्कांची इटली

सरूआक्कांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. नेकनूरहून दुपारच्या एसटीने आलेली मी नवी शाळामास्तरीण, पेटी बाजूला ठेवून दूध डेअरीच्या ओट्यावर टेकले होते. मापातलं दूध कॅनमध्ये ओतता ओतता त्यांनी विचारलं, "काल पाह्यलं का वो बाई? सासूनंच लपिवले का सुनंचे दागिने?" मी ती मालिका पाहत नव्हते. मी दोन दिवसांची उपाशी असावी अशा किवेने आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, कॅनला झाकण लावलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. नाव चहाच्या वेळी विचारलं.

आक्का आता नाहीत. पण त्या गावातल्या माझ्या नोकरीच्या बहुतेक संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गेल्या. सहकारी दूध संस्थेच्या एका खोलीत वजनकाटा, फॅट मोजायचं मशीन आणि बरे दिवस असताना चेअरमनने हौसेने आणलेला टीव्ही होता. पुढे पावसाने पाठ फिरवली, जनावरं छावणीला गेली, कॅन रिकामे राहू लागले. टीव्ही मात्र चालू राहिला. "दूध आटलं म्हणून काय झालं? मालिका कुठं आटलीय?" आक्का म्हणायच्या.

तरुणपणी त्या ऊसतोडीला जात. एकदा डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरल्या, गुडघा कायमचा गेला आणि त्या डेअरीत आल्या. पण तोडीवरच्या बायांशी नातं तुटलं नाही. दिवाळीच्या सुमारास अर्धं गाव कारखान्यांकडे निघून जाई ते कारखाना बंद झाल्यावर, म्हणजे पट्टा पडल्यावर, ऐन उन्हाळ्यात परते. "उसाला गेलेल्या बाईला समदं मागून कळतं," आक्का म्हणायच्या. "कोण मेलं, कुणाचं लगीन झालं, समदं मागून. निदान मालिका तरी नीट कळू द्या." म्हणून परतलेल्या बाया पाण्याच्या टँकरची वाट पाहत ओट्यावर बसल्या की हुकलेली मालिका आक्का त्यांना रोज थोडी थोडी सांगत. सासूचं बोलायचं असलं की पदर खोचत. नायकासाठी आवाज घोगरा करत आणि मध्येच आपल्या आवाजात सांगून टाकत, "ह्यो मेला काई कामाचा न्हाई." मी मालिका कधी पाहिली नाही ती या सांगण्यामुळेच. मूळ मालिका इतकी रंगतदार असेल असं मला आजही वाटत नाही.

एका वर्षी मालिकेतलं जोडपं इटलीला फिरायला गेलं आणि नेमकी गावाला वीज देणारी डीपी जळाली. नवी यायला इतके दिवस लागले, की लाइट आली तोवर जोडपं घरी परतून भांडायलाही लागलं होतं. आक्कांची इटली पूर्ण हुकली. बायांना काय सांगतील, याची मलाच काळजी लागली.

उन्हाळ्यात बाया आल्या आणि आक्कांनी बिनदिक्कत इटली सांगायला सुरुवात केली. उघडेबोडके डोंगर. कुसळं. शेरडं. हॉटेलातल्या नळाला पाणी नाही म्हणून नायिका घागर घेऊन खाली उतरते, तर गल्लीत टँकर उभा! रांगेत काळ्या लुगड्यातली एक म्हातारी. तिचा लेक फळं तोडायला दूर मुलखात गेलेला, महिनोन् महिने बातमी नाही. ती आपल्या हंड्यातलं अर्धं पाणी या परक्या पोरीला देते. बायांनी पदर डोळ्यांना लावले. हसू दाबायला मी तोंड फिरवलं.

"असं न्हवतंच," मागून आवाज आला. ओट्यावर बसलेल्या सखूबाईंची नवी सून सुनीता. तिच्याकडे फोन होता, आणि उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत बसून तिने मालिका पाहिली होती. "निळं पानी व्हतं. दोघं होडीत बसून गानं म्हनले. टँकर कुठं आला त्याच्यात?"

आक्का एवढंच म्हणाल्या, "मग तूच सांग बाई." आणि गुडघ्यावर हात टेकत उठून आत गेल्या. सुनीताने सांगितलं. होडी, गाणं, परत आले. तेवढ्यावरच संपलं.

त्या दिवसापासून आक्कांनी सांगणं बंद केलं. कुणी दूध आणलं तर वजन आणि फॅट, बाकी शब्द नाही. टीव्हीवर फडकं टाकलं. ओट्यावर बाया बसत, पण नुसत्या रस्त्याकडे पाहत. मी समजूत काढायला गेले तर म्हणाल्या, "कावून सांगू? खोटी पडले मी." मला फार वाईट वाटलं.

त्याच सुट्टीत नोकरीला लागलेल्या माझ्या मुलाने हट्टाने आम्हा नवराबायकोला इटलीच्या टूरला पाठवलं. निघताना आक्कांनी दशम्या बांधून दिल्या, पण तिथलं काही विचारलं नाही.

रोम झालं, समुद्र झाला, गटातल्या लोकांचे ठेपले संपले. शेवटी आम्ही दक्षिणेकडच्या सिसिली बेटावर पोचलो. बसच्या खिडकीतून पाहते तर पाटोद्याच्या घाटातल्यासारखे करपलेले डोंगर, त्यावर शेरडं. पुढे एका लहान गावात बस थांबली. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता. निळे कॅन मांडून काळ्या कपड्यातली एक म्हातारी ड्रायव्हरला हात नाचवत झापत होती. मी नवऱ्याच्या हातातून माझा फोन ओढला आणि सुनीताला व्हिडिओ कॉल लावला. "पळत डेअरीत जा," म्हटलं, "आक्कांना बोलाव."

पडद्यावर एकेक डोकं गोळा झालं. "टँकर हाय की वो!" सखूबाई ओरडल्या. "म्हातारी बी हाय!" एकच गलका झाला. आक्कांनी मात्र पदराने पडदा पुसून त्या म्हातारीला निरखून पाहिलं. आता त्या ऐटीत सगळ्यांकडे बघतील असं मला वाटलं होतं.

"बायांनो," त्या म्हणाल्या, "मला काय बी ठावं न्हवतं. डीपी जळाली व्हती. म्या समदं मनानंच सांगितलं."

"ते आमाला ठावं न्हवतं व्हय?" सखूबाई म्हणाल्या. "आल्या आल्या घरच्यांनी सांगितलं, लई दिवस अंधार व्हता म्हनून."

"मग ऐकत कावून बसला व्हता, गं?"

मग सुनीताच हळूच म्हणाली, "आक्का, त्या म्हातारीच्या लेकाचं काय झालं? आला का तो घरी?"

"फोन ठेव खाली," आक्का म्हणाल्या. "अन् सरक अशी जवळ."

सुनीताने फोन ओट्यावर ठेवला. मला फक्त डेअरीचे पत्रे दिसू लागले. आमचा टूरवाला बसमधून हाका मारत होता. मी त्या इटलीच्या म्हातारीशेजारी पायरीवर बसले आणि फोन कानाला लावला.

"तर," आक्कांनी घसा साफ केला, "तिकडं बी पट्टा पडला. लेक निघाला घराकडं."